नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत बाळाचे नाव ठेवतात आणि लोकांना नावे ठेवतात. या दोहोंत अंतर एका मात्रेचे. बारशाच्या दिवशी तर दोन्ही गोष्टी एकाच घरात घडतात.

रायपूरच्या एखाद्या मराठी कुटुंबात मुलीचे नाव ‘आनंदी’ ठेवायचे ठरले, तर पाहुण्यांत कुजबुज व्हायचीच. कोणाला ते पणजीच्या लुगड्यासारखे जुने वाटते; कोणाला ‘ध’चा ‘मा’ आठवतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या वेळी राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. त्या एका अक्षरापायी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या संशयात राहिले.

परंतु छत्तीसगडच्या मातीत आणखी एक आनंदीबाई होऊन गेल्या. रतनपूरहून या प्रांताचा कारभार पाहणारे बिंबाजी भोसले १७८७ मध्ये वारले. त्यांच्यामागे तेथील कारभारात त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचा शब्द चालत असे. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. आनंदी हे नाव त्यांना लग्नानंतर मिळाले.

एका नावाच्या या तीन स्त्रिया. पण कोणाचेच आयुष्य त्या नावाने ठरविले नाही. तेव्हा आत्याने बाळाच्या कानात ते नाव निःशंकपणे सांगावे. पाहुणे घुगऱ्या घेऊन आपापल्या घरी जातील. त्या नावाने रोज हाक मारायची आहे ती आईबापांनी.