बारा हजार आणि बारा क्विंटल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज माण, खटाव, आटपाडी, जत इथून मंडळी आली आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खात्यावर 'सन्मान निधी' जमा होतो. केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्याने 'नमो'चे तेवढेच जोडले. झाले १२,०००. कुटुंबाला रोजचे तेहतीस रुपये. ते जरूर घ्या, भीक नाही ती. पण हे अनुदान आहे की आपल्याच पैशाची परतफेड, एवढा हिशेब आज मांडू.

कापूस घ्या. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. आणि १९ ऑगस्ट २०२५ ला, आपला कापूस अजून शेतात उभा असताना, सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून केली ३१ डिसेंबर. म्हणजे आपली वेचणी आणि विक्री नेमकी त्यात सापडली. २०२२ मध्ये भाव दहा हजारांवर गेला होता, तेव्हाही एप्रिल ते ऑक्टोबर हे शुल्क माफ केलेच होते. गिरणीवाल्याला स्वस्त कापूस हवा की दिल्लीचा हात लगेच चालतो.

आता धरून चाला, दोन एकरांत बारा क्विंटल कापूस निघाला आणि व्यापाऱ्याने हमीभावापेक्षा क्विंटलमागे हजार कमी दिले. बारा हजार गेले. दोन्ही सन्मान तिथेच फिटले! चार एकर कापूस असेल त्याचे तर घरचे गेले.

शरद जोशी याला 'उणे सबसिडी' म्हणायचे, तेव्हा शहरातले पंडित हसायचे. २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी हिशेब केला. २००० नंतरच्या सोळा-सतरा वर्षांत भारतीय शेतीला मिळालेला आधार शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. खत, वीज, पाणी यांवरचा सरकारी खर्च जमेला धरूनसुद्धा उणे.

आणि तो जमेचा खर्च तरी कुणाकडे जातो? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचे सरकार कारखान्याला देते. मी शेतकी कॉलेजात खतांच्या मात्रा पाठ केल्या आहेत. त्या मात्रेला ओल लागते. आपला शाळू हस्ताच्या पावसावर पेरायचा आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायचा, तो किती युरिया खाणार? वीजही तशीच. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ आहे. ज्याच्या रानात पंपच नाही त्याला काय माफ? अनुदान पाण्यामागे चालते. कृष्णाकाठचा ऊसवाला आपला वैरी नव्हे, त्याच्याही मालाच्या भावाला सरकारने वेसण घातलेली आहेच. पण जिरायतवाल्याच्या वाट्याला रोख बारा हजारांखेरीज फारसे काही येत नाही, हे त्यालाही कळले पाहिजे.

त्या बारा हजारांनाही सातबारा लागतो. वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याला काही नाही. खानापूर-आटपाडीकडची किती माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. मागे शेत बघते सून, नाव सासऱ्याचे. पैसे सासऱ्याच्या खात्यावर, आणि खुरपे सुनेच्या हातात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर कुणी घाम गाळून एकरभर विकत घेतले, तर वारसाने आलेले नाही म्हणून तोही बाहेर.

तेव्हा मागणी कशाची करायची? हप्ता दोनाचा तीन हजार करा, एवढीच केली तर ते आनंदाने करतील, आणि एका आयात परवानगीत परत काढून घेतील. आपली मागणी अशी, की कापूस बाजारात येत असताना शुल्काला हात लावायचा नाही. आणि हमीभावाखाली विक्री झाली तर फरक पट्टीवर बघून द्यायचा, मग सातबारा कुणाचाही असो.

यासाठी पुरावा लागेल. पुढच्या बैठकीला येताना कापसाच्या आणि शाळूच्या विक्रीच्या पट्ट्या घेऊन या. कच्च्या असतील तरी चालतील. तारीख, वजन आणि भाव वाचता आला पाहिजे. बायाबापड्यांनी वाट्याने केलेल्या रानाच्या पट्ट्याही आणा. तालुकावार मांडून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू.