धास्तावलेल्या मनाला पेलणारे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून पाककलेपासून बालसंगोपनापर्यंत पुष्कळ विषयांवर भाषणे झाली आहेत. आज मी जो विषय घेतला आहे, तो आपण घरात हळू आवाजात बोलतो आणि पाहुणे आले की झाकून ठेवतो. ज्या माणसाला धास्तीचा विकार जडला आहे, त्याने पोटासाठी कोणते काम धरावे, हा तो विषय. मी विदुषी नाही, डॉक्टरही नाही. गेली पस्तीसहून अधिक वर्षे हा विकार सांभाळून मी चार पैसे मिळवीत आले, एवढाच माझा अधिकार.

काळजी कोणाला नसते? मुलगा परीक्षेला बसला, नवऱ्याला घरी यायला उशीर झाला, की आपल्या पोटात कालवतेच. परंतु मुलगा परीक्षेहून आला, नवरा दारात दिसला, की ती काळजी विरते. धास्तीच्या विकारात ती विरत नाही. एक कारण मिटले की मन दुसरे शोधते. छाती धडधडते, तळहात घामेजतात, रात्री झोप लागत नाही, आणि आता काहीतरी भयंकर होणार असे दिवसभर वाटत राहते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण कोणी तरी अनुभवानेच केली असली पाहिजे. डॉक्टर याला चिंताविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 साली जगात सुमारे 30 कोटी 10 लाख माणसांना हा विकार होता, आणि अशा रोग्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यालाच काही उपचार मिळतात. तेव्हा ही एखाद्या घराण्याची खोड आहे, किंवा एखाद्या मुलीची नाटके आहेत, असे कोणी समजू नये.

माझ्यापुरते सांगते. वडील गेले तेव्हा मी नुकतीच वाणिज्य शाखेची पदवीधर झाले होते. घरी आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. 1988 साली मला एका पतपेढीत कॅशियरची नोकरी लागली. पेढी कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. काउंटरपुढे रांग, मागे साहेबांची खुर्ची, आणि हातात दुसऱ्याचे पैसे. मी तेथे तीन वर्षे काढली. त्या तीन वर्षांत माझी रोकड एकदाही कमी भरली नाही. परंतु आज कमी भरणार, ही भीती मात्र रोज सकाळी माझ्या आधी उठत असे. सकाळचा घास उतरत नसे. साहेबांना सांगितले, मला खतावणीच्या टेबलावर बसवा. त्यांनी सर्वांदेखत विचारले, "मग काउंटरवर तुमच्या आईला बसवू का?" 1991 साली मी राजीनामा दिला.

नातेवाइकांनी सल्ला दिला, पोरीला शिवणयंत्र घेऊन द्या, घरी बसून शांतपणे चार पोलकी शिवील. सल्ला मायेचाच होता. गिऱ्हाइके घरी येत, आई मापे घेई, मी आतल्या खोलीत यंत्र चालवी. धडधड थांबली, आणि सर्वांना वाटले, पोर सुधारली. परंतु वर्षभरात अशी वेळ आली की मंडईत जायचे म्हटले तरी माझे पाय जिन्यावर अडखळू लागले. भीतीचा हा स्वभावच आहे. तिला टाळले की त्या घटकेला बरे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी ती एक पाऊल पुढे येऊन बसते.

शेवटी आई मला सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभागात घेऊन गेली. तेथील डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितले, कारण गळ्यातील थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी अशीच धडधड होते. ते तसे नव्हते. मग त्यांनी औषध दिले, आणि एका कागदावर शिडी काढून दिली. पहिली पायरी जिना, दुसरी नाक्यावरचे दुकान, तिसरी पोस्ट, आणि सर्वांत वर मंडई. एक पायरी अंगवळणी पडेपर्यंत दुसरीवर जायचे नाही. भीतीला असे पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञाने 1958 साली आपल्या ग्रंथात मांडली, आणि तिच्या पोटी पुढे पुष्कळ सुधारलेल्या उपचारपद्धती जन्मल्या, हे मी मागाहून वाचले. पी हळद अन् हो गोरी, असा हा उपचार नाही. मला मंडईपर्यंत पोहोचायला सात महिने लागले.

पुढे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार बदलून परगावी गेले आणि चेअरमननी मला हिशेब लिहिण्याविषयी विचारले. बिऱ्हाडे चोवीस. मानधन अगदीच बेताचे. परंतु तीन-चार महिन्यांत माझ्या ध्यानात आले की काउंटरवर कापणारा माझा हात येथे स्थिर आहे. पैसे तेच, आकडे तेच, मीही तीच. मग फरक कशात पडला?

फरक कामाच्या घडणीत होता. दर महिन्याला बिले काढायची, पावत्या फाडायच्या, पासबुकाशी रोजकीर्द जुळवून पाहायची. 31 मार्चला वर्ष संपते, मग ताळेबंद, मग हिशेबतपासणी, आणि हल्लीच्या नियमाप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. उद्या काय येणार हे कॅलेंडरवर लिहिलेले असते. पावत्या सकाळी लिहायच्या की रात्री, हे माझे मी ठरवते. आकडा चुकला तर महिनाअखेरच्या जुळवणीत तो सापडतो आणि कोणाचे नुकसान होण्याआधी दुरुस्त करता येतो. आणि पासबुक भरायला बँकेत, सही घ्यायला चेअरमनांकडे, असे आठवड्यातून दोन-तीनदा घराबाहेर पडावेच लागते.

ही माझी एकटीचीच लहर असेल असे मला वाटे. परंतु जाणत्या माणसांनी याचा अभ्यास केलेला आहे. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 साली स्वीडन आणि अमेरिका येथील कामकऱ्यांची माहिती तपासून असे दाखविले की, नुसत्या कामाच्या रेट्याने मन जितके खचते त्याहून, रेटा मोठा आणि आपल्या हाती काहीच ठरविण्याची मोकळीक नाही, अशा कामाने ते अधिक खचते. त्याच्याही पुष्कळ आधी, 1908 साली, यर्क्स आणि डॉडसन या दोघा संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिले. विजेचा चटका बेताचा असला तर अवघड गोष्ट उंदीर लवकर शिकत, आणि चटका फार वाढवला की त्यांचे शिकणे मंदावे. माणसाच्या काळजीचेही असेच असते. थोडी काळजी कामाला धार आणते. अति तेथे माती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. धास्ती असलेल्या माणसाला हलके काम शोधून देऊ नका, त्याला पेलणारे काम शोधा. हलके काम आणि पेलणारे काम यांत फरक आहे. चोवीस बिऱ्हाडांचा ताळेबंद हे काही हलके काम नव्हे. पण ते मला पेलते. कोणतेही काम धरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, उद्या काय करायचे हे आज कळते का? दुसरा, कोणते काम आधी आणि कोणते मागून, हे थोडे तरी माझ्या हाती आहे का? तिसरा, चूक झालीच, तर ती निस्तरायला सवड मिळते का? आणि चौथा, हे काम मला उंबऱ्याबाहेर नेते का? पहिल्या तीन प्रश्नांना होकार मिळाला तर मन थाऱ्यावर राहते. चौथ्याला नकार मिळाला, तर पहिल्या तिन्हींचे सुख फार दिवस टिकत नाही, हे मी शिवणयंत्रापाशी बसून पाहिले आहे.

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या उद्योगात आपोआप मिळते, असा एक आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. 1959 साली मुंबईत गिरगावातील सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत पापडाची मोठी संस्था झाली. तेथील भगिनी शाखेतून मळलेले पीठ घरी नेतात, आपल्या सवडीने पापड लाटतात, आणि वाळलेले पापड शाखेत नेऊन देतात. लाटणे घरात, पण देणेघेणे चारचौघींत. धास्तावलेल्या मनासाठी ही योजना कोणी मुद्दाम आखली नसेल, तरी तिच्यात केवढी सोय आहे!

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. धास्ती वाटते म्हणून ऊठसूट नोकरी सोडा, असे मी कोणाला सांगत नाही. मी सोडली, त्याची किंमतही मोजली. माझ्याबरोबरीच्या बायका आज निवृत्तिवेतन घेतात, मला ते नाही. सध्या मी नऊ संस्थांचे हिशेब लिहिते, कारण लिहिणे भाग आहे. त्यामुळे आधी आहे त्याच नोकरीत टेबल बदलून मिळते का, वेळ बदलून मिळते का, सूचना तोंडी न देता लेखी मिळतील का, हे विचारून पाहावे. मी आता तसे विचारते. वार्षिक सभेत चार माणसे एकदम आवाज चढवू लागली की आजही माझा घसा सुकतो. म्हणून हिशेबाविषयीचे प्रश्न सभासदांनी आठ दिवस आधी लेखी द्यावेत, असे मी नऊही संस्थांत ठरवून घेतले आहे. गंमत अशी की, त्यामुळे सभा लवकर संपतात आणि सभासदही खूश असतात.

आता ज्या कारणासाठी हा विषय घेतला ते सांगते. आपल्या परिचयाच्या एका घरात एक मुलगी गेले चार महिने घरी बसून आहे. ती कोण, हे ओळखण्याचा कृपा करून प्रयत्न करू नये. ती दूरध्वनीवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करीत होती. प्रत्येक बोलण्याचे सेकंद मोजलेले, प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित, आणि पलीकडचा माणूस बहुधा रागावलेला. माझ्या चारांपैकी तीन प्रश्नांना तेथे नकारच होता. ती मुलगी आळशी नाही. तिच्या पगारावर घराचे अर्धे भाडे निघत असे, आणि ते आता निघत नाही. तिची आई मला म्हणाली, "ताई, डॉक्टरकडे नेले आणि बाहेर कळले, तर उद्या हिच्या लग्नात काय सांगू?"

त्या माउलीला मी जे सांगितले तेच आपणांसही सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि आजाराची माहिती गुप्त राहण्याचाही हक्क दिला आहे. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. घराबाहेर पडणेच जड जात असेल, तर ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. 14416 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही मोफत बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक घरात कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहून ठेवावा. विकार जुना असो वा नवा, औषध आणि समजावणीचे उपचार यांनी पुष्कळांना चांगला उतार पडतो. मात्र औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच सुरू करावे आणि त्यांच्या सांगण्यावरूनच बंद करावे.

राहिला मंडळाचा वाटा. आपल्या दिवाळी फराळाच्या केंद्रावर आपण येईल तिला विक्रीच्या टेबलावर उभी करतो, आणि जी तेथे गोंधळते तिला पुढच्या वर्षी बोलावत नाही. यंदा एवढेच करू या. कामांची यादी आधी काढू: मालाची नोंद, वजन, पुड्या बांधणे, पावत्या, विक्री. आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारू, "यांतले तुला कोणते जमेल?" जिला मालाची वही हवी तिला ती द्यावी, आणि ती द्यावी कौतुकाने, दया म्हणून नव्हे. रोज तिने दोन तास केंद्रावर यावे, वही लिहावी, चहा प्यावा आणि घरी जावे. पुढे तिला वाटले तर तिने आपणहून टेबलाशी यावे. न वाटले तर वही आहेच. त्या मुलीलाही मी विचारले आहे. "विचार करून सांगते" असे ती म्हणाली. चार महिन्यांत ती प्रथमच "नको" म्हणाली नाही.

केंद्राच्या कामाची यादी मी लिहून आणली आहे आणि ती चिटणीसबाईंकडे देत आहे. तिच्यात भर घालावी, खोडावे, परंतु ती फडताळात ठेवू नये, एवढी विनंती आहे.