आनंदीबाई जोशी : परदेशातील पहिले दिवस

परदेशी शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याला निरोप देताना हारतुरे होतात आणि तो पदवी घेऊन परतला म्हणजे सत्कार होतो. या दोन समारंभांच्या मधले जे पहिले काही आठवडे, त्यांची वार्ता सहसा कोणाच्या कानी येत नाही. राहावयास खोली कशी मिळाली, पहिल्या दिवशी पोटात काय गेले, थंडी किती वाजली, असल्या गोष्टी चरित्रकार एखाद्या वाक्यात उरकून टाकतात. विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्याची दिशा मात्र पुष्कळदा त्या आठवड्यांतच ठरून गेलेली असते. डॉ. आनंदीबाई जोशी यांची पदवी सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा अकाली मृत्यूही सर्वांना ठाऊक आहे. १८८३ सालच्या जूनपासून पहिला हिवाळा उजाडेपर्यंतचे त्यांचे दिवस कसे गेले, याकडे त्या मानाने फारसे कोणी पाहत नाही.

पूर्ववृत्त थोडक्यात असे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते. बायकोला शिकवावयाचे या एकाच ध्यासाने पछाडलेला हा गृहस्थ अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांमागून बदल्या पत्करीत राहिला. कोल्हापुराहून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सी संस्थानातील रोझेल या गावच्या कार्पेंटरबाई एकदा दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला, आणि त्यांनी एका अपरिचित हिंदू मुलीला पत्र लिहिले. १८८० साली सुरू झालेला हा पत्रव्यवहार असा काही जुळला, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मावशी हा शब्द मराठी माणूस सहजासहजी परक्याला देत नाही.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीत एक व्याख्यान दिले. लोक आपल्याला जे सहा प्रश्न विचारीत असतात त्यांची उत्तरे त्यांनी त्यात एकेक करून दिली. अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. बहिष्काराच्या प्रश्नाला उत्तर देताना या सतरा वर्षांच्या स्त्रीने एक वचन देऊन टाकले. आपल्या चालीरीती, आपला आहार आणि आपला पोशाख यांत आपण काडीचाही बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. त्या सभेत हे वचन शोभून दिसले असेल यात शंका नाही. पण श्रीरामपुरात, हुगळीच्या काठच्या उबदार हवेत, पोशाख न बदलण्याचे वचन देणे सोपे असते. त्याची किंमत काय पडते हे समजावयास चाळीस अक्षांशांवरचा हिवाळा पाहावा लागतो.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांची आगबोट कलकत्त्याहून निघाली. गोपाळराव बरोबर नव्हते. सोबतीला परिचयातून जुळलेल्या गोऱ्या बायका होत्या, पण नात्याचे वा जातीचे माणूस एकही नव्हते. तोपर्यंत आनंदीबाईंचे सारे आयुष्य कोणाच्या तरी आज्ञेत गेलेले होते. आधी वडील, मग पती. काय शिकावयाचे, किती वेळ शिकावयाचे, कोणाशी बोलावयाचे, हे सारे ठरवणारे कोणीतरी सदैव जवळ असे. बोट धक्क्यावरून हलली त्या क्षणापासून दिवसातले शंभर बारीकसारीक निर्णय त्यांचे त्यांना घ्यावयाचे होते. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर हा प्रसंग येतो. त्या काळच्या एका विवाहित ब्राह्मण स्त्रीवर तो किती एकदम आला असेल, याची कल्पनाच करावी.

४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. ब्रुकलिनचा तो प्रचंड झुलता पूल अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, रहदारीस खुला झाला होता. धक्क्यावर कार्पेंटरबाई वाट पाहत होत्या. तीन वर्षे जी केवळ अक्षरांतून भेटली ती मावशी प्रत्यक्ष समोर उभी राहिली, आणि दोघी रोझेलला गेल्या. गाव लहान खरे, परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत तेथे एडिसन यांच्या योजनेप्रमाणे खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लागले होते. असा प्रकाश पाहिलेली गावे त्या वेळी जगातही फार थोडी होती. समईच्या आणि रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवलेल्या मुलीचा परदेशातला पहिला मुक्काम अशा गावी पडावा, हा योगायोग खराच.

रोझेलचा तो उन्हाळा त्यांच्या परदेशवासातील सर्वांत सुखाचा काळ म्हणावा लागेल. घर प्रेमळ होते आणि हवा सोसण्याजोगी होती. कार्पेंटरबाईंच्या घरी आनंदीबाईंनी आपल्याकडचे पदार्थ रांधले आणि मंडळींना वाढले. परक्या घरात पाहुणा म्हणून खाणे वेगळे आणि त्याच घराच्या चुलीपाशी उभे राहून इतरांना वाढणे वेगळे. ज्या दिवशी विद्यार्थी यजमानाला आपल्या हातचे खाऊ घालतो, त्या दिवशी त्याचे पाहुणेपण बरेचसे संपते. बोलण्याची अडचण तशी मोठी नव्हती. इंग्रजी त्या हिंदुस्थानातच शिकल्या होत्या. फक्त मराठीत बोलावयास कोणी नव्हते. मराठी उरली ती पत्रांपुरती.

या सुखात त्या रमून राहिल्या नाहीत. उतरून महिना पुरा होण्याच्या आत, २८ जून रोजी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. ही संस्था १८५० साली स्थापन झालेली. पत्रात आर्जव आहे, पण लाचारी नाही. मित्रांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण या देशी आलो, तोच निर्धार हे कार्य तडीस नेण्यास उपयोगी पडेल, असे त्या लिहितात. आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपल्याला हे शिकावयाचे आहे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. या वाक्यामागे दहा दिवसांचे मूल गमावलेली आई उभी आहे. पण पत्रात त्या मुलाचा उल्लेख करून सहानुभूती मिळवण्याचा मोह त्यांनी धरला नाही. प्रवेश मिळाला, तीन वर्षांसाठी ६०० डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली, आणि ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाला दाखल झाल्या. रसायनशास्त्राच्या अध्यापिका रेचेल बॉडली या संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांचा या दूरदेशच्या विद्यार्थिनीवर लोभ जडला.

आता खरी परीक्षा सुरू झाली. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्रेताची चिरफाड करावी लागते. प्रेताचा नुसता स्पर्श झाला तरी ज्या घरी स्नान करावे लागे, तेथून आलेल्या स्त्रीला हे नित्याचे काम झाले. नवल असे, की श्रीरामपूरच्या वचनात याचा विचारच नव्हता. सोवळ्याची जी सर्वांत मोठी मोडतोड व्हावयाची होती ती विद्येच्या ओघात होऊन गेली. वाद माजला तो आहारावर आणि त्याहून अधिक पोशाखावर.

आहाराचा प्रश्न त्यांनी वचनाप्रमाणे सोडवला. मांस नको, मासे नकोत. पाव, दूध, बटाटे, फळे यांवर आणि स्वतःच्या हातच्या अन्नावर भागवावयाचे. त्या गावच्या हिवाळ्यात, दिवसभर व्याख्याने ऐकून आणि रात्री वाचन करून, एवढ्यावर शरीर किती दिवस तग धरील, याचा हिशेब वैद्यकाच्या विद्यार्थिनीने करावयास हवा होता, असे म्हणावेसे वाटते. पण वचन दिलेले होते, आणि ते मोडले असते तर त्यांच्यामागून जाऊ पाहणाऱ्या मुलींच्या वाटेत काटे पडले असते. हे त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

साडीची गोष्ट निराळी. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या पडतात, आणि चोळी आखूड असल्याने पाठीचा व पोटाचा भाग उघडा राहतो. कोकणात यासारखा सोयीचा वेष नाही. फिलाडेल्फियात पाणी गोठू लागले की तोच वेष अंगावर काढण्यासारखा राहत नाही. आनंदीबाईंनी इंग्रजी झगा घातला नाही. त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास सुरुवात केली. तीत पाय घोट्यापर्यंत झाकले जातात आणि आत गरम कपडे घालता येतात. आज हे ऐकून कोणालाही विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळच्या ब्राह्मण घरात कासोटा म्हणजे केवळ नेसण्याची तऱ्हा नव्हती. सोवळे आणि सौभाग्य या दोहोंशी त्याचा संबंध होता. तेव्हा कासोटा सोडून साडी मात्र न सोडणे, हा एका विद्यार्थिनीने परक्या देशी एकटीने काढलेला तोडगा होता, आणि तो अत्यंत शहाणपणाचा होता. वचनाचे अक्षर थोडे वाकले. त्याचा अर्थ शाबूत राहिला.

गोपाळरावांना मात्र हे सहजी पटले नाही. पोशाखावरून पतिपत्नींमध्ये पत्रांतून वाद झाला. त्यातही दैवाचा विनोद असा, की हा वाद टपालखात्यातल्या माणसाला टपालाच्या चालीनेच घालावा लागला. अमेरिकेहून निघालेले पत्र हिंदुस्थानात पोहोचावयास महिन्याहून अधिक काळ लागे आणि उत्तरास तितकाच. पत्नीने थंडीत घेतलेल्या निर्णयावर पतीचा राग येऊन पोहोचेतो थंडी कमी झालेली असावयाची. आनंदीबाईंनी त्या रागाला संयमाने उत्तरे दिली. कारणे सांगितली, आणि साडी जशी नेसत होत्या तशीच नेसत राहिल्या. ज्याने शिकवले त्याच्याविषयीची कृतज्ञता न सोडता त्याच्या मताबाहेर जाता येते, हे त्या अशा रीतीने शिकल्या. कोणत्याही महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात हा विषय नसतो.

राहता राहिली खोली. फिलाडेल्फियात त्यांना जी राहावयाची जागा मिळाली तिच्यात विस्तवाची सोय नीट नव्हती. पेटवावे तर खोलीभर धूर कोंडे, न पेटवावे तर गारठा हाडांत शिरे. धूर घ्यावयाचा की थंडी, एवढीच निवड रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे असे. या बाबतीत श्रीरामपूरच्या वचनाची अडचण नव्हती, धर्माची नव्हती, पतीच्या रागाचीही नव्हती. दुसरी जागा मागावयाची एवढेच करावयाचे होते. आणि नेमके तेच या धीट स्त्रीकडून झाले नाही. भर सभेत बहिष्काराला आव्हान देणे तिला जमले. आपल्याला थंडी वाजते हे सांगणे जमले नाही. आपल्याकडे मुलींना सोसण्याचे शिक्षण इतक्या लहानपणापासून मिळते, की गैरसोय आणि संकट यांतला फरकच त्यांना उमगेनासा होतो. त्यातून, परक्याच्या उपकारावर शिकणाऱ्याने तक्रार करू नये, ही भावना असावी. रोझेलला मावशीच्या घरी जो मोकळेपणा आला होता तो भाड्याच्या खोलीत आला नाही. अशा जागेत त्यांनी सुमारे दीड वर्ष काढले. खोकला आणि ताप त्यांच्या पाठीस लागले.

त्यांचा पुढला क्षय त्या खोलीनेच आणला असे म्हणता येणार नाही. प्रकृती मुळातच नाजूक होती. हिंदुस्थानात असतानाही डोकेदुखी आणि ताप यांनी त्या हैराण असत, आणि मावशी अमेरिकेहून त्यांना औषधे पाठवीत. तरीही पहिल्या हिवाळ्यात कोणी त्या खोलीत डोकावून, ही जागा आजच्या आज सोड, असे सांगितले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र उपलब्ध आहे. जपानची एक, सीरियाची एक आणि हिंदुस्थानची एक, अशा महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात त्यात बसलेल्या आहेत. आनंदीबाई साडीत आहेत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या, त्या खंगलेल्या शरीराने; कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांना हाती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हावयास महिनाभर अवकाश होता. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी येथे मावशीच्या कुटुंबाची स्मशानभूमीत जागा होती. तेथे ती ठेवली गेली आणि तिच्यावर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसवला गेला.