संगणकातली पक्षकार आणि कलम ६३

(जळगाव येथे कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. धुळ्याचा, इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीत गेलेला माणूस. फावल्या वेळात तुमच्यासाठी आभासी खटल्याचा एक सराव तयार करतोय, त्याबद्दल बोलतो.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांमुळे तुम्ही मूट कोर्ट करता. तिथे खटल्याची हकिकत छापून हातात मिळते. खरा पक्षकार ती तशी देत नाही. माझ्या सरावात एक बाई मोबाइल घेऊन येतात, त्यात धमकीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत. बहुतेक जण स्क्रीनशॉटची प्रिंट काढून अर्जाला जोडतात. सराव त्यांना तिथे अडवत नाही. पुढे समोरचा वकील हरकत घेतो, प्रमाणपत्र कुठे आहे? तोवर बाईंचा फोन विकला गेलेला असतो.

ही कल्पना जालन्याच्या खटल्यावरून सुचली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. पण कलम ६५-ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने (आपली अपिलंही तिथेच जातात) अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी धरली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. मात्र शक्य ते सगळं करूनही ते मिळालं नाही, म्हणून या प्रकरणात सूट दिली. तेव्हा मागणीचे अर्ज जपून ठेवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. हे गणित मला सोपं वाटतं. शिरपूरच्या मजूर बाईने तज्ज्ञ कुठून आणायचा, त्याची फी कोण देणार, हे सोपं नाही. म्हणून हा प्रश्नही सरावात घातलाय.

माझी पहिली आवृत्ती फसली होती. त्यातल्या बाई पुस्तकी मराठीत तारखा क्रमाने सांगायच्या. एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, या बाई कुठल्या?" आता एक बाई अहिराणीत बोलतात, तारीख विचारली तर 'आखाजीच्या आधी' सांगतात. दुसऱ्या उर्दूत, 'रमजानच्या आधी'. फोन मुलाच्या नावावर आहे, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं.

निकाल मात्र संगणक देत नाही. तुमचे शिक्षक संभाषणाची नोंद वाचून बोलतील.

लॅपटॉप आणलाय. पहिलं कोण बसतंय?