खालचा सुळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पापड लाटताना आपण जगाच्या गोष्टी बोलतो, पण मुलांच्या दातांचा विषय "दुधाचे आहेत, पडतील" एवढ्यावर संपतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण धाकट्या जाऊच्या मुलीपायी जे ऐकले-पाहिले, ते सांगते.

पोरीला तेरावे लागले, तरी खालचा डावा दुधाचा सुळा हलेना. उजवीकडचा पक्का सुळा केव्हाच आलेला. दुखणे नाही, सूज नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुळ्याला हात लावू नका, डोळ्यावर जाईल." ही समजूत घरोघर आहे, पण खरी नाही, सुळा काढल्याने कोणाची नजर जात नाही. शेवटी फोटो काढला, तर पक्का सुळा हाडातच तिरका निजलेला!

अक्कलदाढ अडकते हे आपल्याला ठाऊक असते. तिच्या खालोखाल अडकतो तो वरचा सुळा, शंभरात एक-दोघांचा. खालचा त्याहून पुष्कळच क्वचित. दात सरळ करून घ्यायला येणाऱ्यांत मोजले, तर बहुतेक ठिकाणी शेकडा एकाच्या आसपास निघतो. गावात मोजले तर याहून कमीच भरेल. बेदाणे निवडताना बाजूला काढलेल्या ढिगात खराब मणी जास्त सापडायचेच, तसे हे आहे.

पण क्वचित म्हणून सोडून द्यावे असे नाही. खालचा सुळा हाडातल्या हाडात सरकत हनुवटीखालून दुसऱ्या बाजूलाही जातो! इतका लांब गेला की ओढून आणणे कठीण; मग काढावा लागतो, नाहीतर तसाच ठेवून अधूनमधून फोटो काढून पाहावे लागते. वेळेवर कळले, तर दुधाचा दात काढून वाट मोकळी करतात, हिरडी थोडी उघडून सुळ्याला बारीक साखळी चिकटवतात आणि तारेने हळूहळू वर ओढतात. वर्ष-दीड वर्ष सहज जाते.

खर्चाचे नाव निघताच घरात कोणी म्हणाले, "मुलीच्या जातीला एवढे कशाला?" जाऊ एरवी मान वर करून बोलत नाही. ती म्हणाली, "मुलगा असता तर विचारले असते का?" त्यावर कोणी बोलले नाही. साखळी बसली.

खालचा सुळा साधारण नवव्या-दहाव्या वर्षी येतो, वरचा अकराव्या-बाराव्या. एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि दुसरीकडे दुधाचाच ठाण मांडून असला, तर दाखवावे. आरसा लागत नाही. वेणी घालताना पोरीला "आ" करायला सांगितले की झाले. मुलग्यांची वेणी नसते, त्यांना जेवायला बसताना धरावे.

दाखवायला मुंबई-पुण्याला जायला नको. आपल्या सांगली रस्त्यावर कवलापूरला दंत महाविद्यालय आहे. सकाळच्या एस.टी.ने निघावे आणि मुलाचे जुने फोटो असले तर बरोबर न्यावेत.