ताळा करून पाहा



‘तू कॉम्प्युटरवाली, त्यावरच बोल’ असं संयोजकांनी सांगितलं. म्हणून माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते.

माझ्या धाकट्या भावाची मोंढ्यात हळदीची आडत आहे. त्याच्या दुकानाचा हिशोब मीच पुण्याहून येऊन कॉम्प्युटरवर बसवून दिला. ‘आता वह्या बंद कर’ म्हणाले. बॅकअपसाठी एक हार्ड डिस्क जोडली आणि ‘ही कधीच काढू नकोस’ असंही बजावलं.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, हळदीची आवक जोरात असताना सकाळी त्याचा फोन आला. ‘ताई, एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत पैसे मागतायत.’ मुनिमांनी ईमेलवर आलेलं एक बिल उघडलं होतं, ते खोटं निघालं. यालाच रॅन्समवेअर म्हणतात : आपल्याच फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. जोडून ठेवलेली हार्ड डिस्कही त्याच कुलपात गेली.

दुकानासमोर शेतकरी उभे. कुणाची किती पोती, कुणाची किती उचल, कुणाची किती बाकी, काहीच सांगता येईना. आम्ही खंडणी दिली नाही. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून हळदीनं पिवळ्या झालेल्या पट्ट्या काढल्या आणि त्यांवरून अकरा दिवसांत हिशोब पुन्हा उभा राहिला. एका काकांनी तर आम्हाला आठवतही नसलेली उचल स्वतःहून सांगितली. त्या दिवशी माझ्या पदवीपेक्षा त्यांचा शब्द मोठा ठरला.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ‘न्यू कोऑपरेटिव्ह’ या शेतकरी सहकारी संस्थेवर ऐन सुगीच्या तोंडावर असाच हल्ला झाला. त्याच वर्षी जेबीएस या बड्या मांस कंपनीनं १ कोटी १० लाख डॉलर खंडणी मोजली. पुढच्या वर्षी एफबीआयनं इशाराच दिला, की हे लोक पेरणी-कापणीचा मुहूर्त साधू शकतात. कारण उघड आहे : नाशवंत माल आणि दारात उभा शेतकरी थांबू शकत नाही.

आपल्या देशात जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर हल्ला झाला. ती छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवते. खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडावं लागलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले. यूपीआय बंद पडलं तर आपल्या बाजारात काय होतं, ते तुम्हीच जाणता.

आपले गणिताचे सर समोर बसले आहेत. उत्तर बरोबर असलं तरी ताळा केला नाही म्हणून ते गुण कापायचे, तेव्हा राग यायचा. सर, मी बॅकअप घेतला होता. ताळा केला नव्हता.

तुमच्यातल्या कुणाचं दुकान आहे, कुणाची डाळ मिल, कुणाची दूध डेअरी. एवढंच करा : हिशोबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, डिस्क काढून कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. अनोळखी बिल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. झालंच काही, तर मशीनचं इंटरनेट लगेच तोडा आणि पोलिसांत जा, लाजू नका.

भावानं आता वहीही पुन्हा सुरू केली आहे. मी काही बोलत नाही.