हॅम्पस्टेडची टेकडी आणि तिच्यावरील उपनगरे



लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेड, हायगेट आणि गार्डन सबर्ब ही तीन श्रीमंत उपनगरे एकमेकांना लागून वसली आहेत. हॅम्पस्टेडचा उत्कर्ष पाण्यापासून सुरू झाला. १६९८ साली तेथील गोरगरिबांसाठी सहा एकर जमीन दान देण्यात आली. तिच्यावरील लोहयुक्त झऱ्याचे पाणी औषधी ठरले, बाटल्यांतून शहरात विकले गेले आणि हवापालटासाठी धनिकांची रीघ लागली. गरिबांच्या धर्मदायातून श्रीमंतांची वस्ती उभी राहावी, हा प्रकार या टेकडीवर पुन्हा एकदा घडणार होता.

हायगेटचे वळण निराळे. कवी कोलरिज १८१६ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत तेथे राहिला. १८३९ मध्ये गावकऱ्यांनी एक साहित्य-विज्ञान संस्था काढली. तिचे ग्रंथालय सभासदांच्या आधारावर आजही चालू आहे. ग्रंथालयाच्या वास्तूत जमलेल्यांना हे ऐकून आपलेपणा वाटेल.

दोन्ही गावांच्या मधले विस्तीर्ण माळरान म्हणजे हॅम्पस्टेड हीथ. जमीनदार सर टॉमस मेरियन विल्सन यांनी १८२९ पासून आपल्या जमिनीवर घरे बांधू देण्याची परवानगी संसदेकडे वारंवार मागितली. तिला विरोध करणाऱ्यांत आजूबाजूचे बंगलेवाले पुढे होते. आपल्या खिडकीतून दिसणारी हिरवळ त्यांना राखावयाची होती, हे उघड आहे. विल्सन १८६९ मध्ये वारले आणि १८७१ च्या कायद्याने माळ सार्वजनिक झाला. हेतू आपमतलबी असेल, परंतु मोकळी हवा शहरातील मजुरालाही मिळाली, हे नाकारता येत नाही.

खरी कसोटी पुढेच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी भुयारी रेल्वे टेकडीच्या पोटातून गोल्डर्स ग्रीनच्या शेतांपर्यंत नेण्याचे ठरले. ती १९०७ मध्ये सुरू झाली. रेल्वे येणार म्हणजे घरांची गर्दी होणार, हे हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी ओळखले. पाद्री असलेल्या पतीसह त्यांनी व्हाइटचॅपलच्या दरिद्री वस्तीत अनेक वर्षे काढली होती. त्यांच्या प्रयत्नांनी ८० एकर माळाला जोडले गेले आणि ईटन कॉलेजची २४३ एकर जमीन नव्या वसाहतीसाठी मिळाली. सरदारापासून सुतारापर्यंत सर्वांनी शेजारी राहावे, हे बाईंचे स्वप्न. रेमंड अन्विन यांनी आखणी केली. एकरी सरासरी आठच घरे, भिंतींऐवजी झुडपांची कुंपणे, मद्यालय मुळीच नाही. मधल्या चौकाचे काम लट्येन्स यांच्याकडे गेले. नवी दिल्ली घडविणारे ते हेच.

आखणीतच एक मेख होती. कारागिरांची लहान घरे एका कडेला आणि मोठे बंगले माळाच्या बाजूला. म्हणजे आवार एक, पण पंगती वेगळ्या! चौकात प्रार्थनामंदिरे आणि शिक्षणसंस्था आली. दुकाने मात्र वसाहतीच्या कडेला राहिली. त्यामुळे चौक देखणा असूनही ओस वाटतो. पुढे १९६७ च्या कायद्याने भाडेपट्टेदारांना मालकी विकत घेण्याची मुभा दिली. हिरवळ जितकी जपली गेली तितकी तिची किंमत वाढली आणि कारागिरांसाठी बांधलेली घरेही कारागिराच्या आवाक्याबाहेर गेली. बाईंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सौंदर्य राखण्याचे नियम त्यांनी पक्के केले, भाडे राखण्याचे तितके पक्के करता आले नाहीत.

या परिसराशी मराठी माणसाचाही संबंध आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेटच्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर इंडिया हाउस उघडले आणि पुढल्याच वर्षी सावरकर तेथे राहावयास आले. टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी किंग हेन्रीज रोडवर १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकरांचे वास्तव्य होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. तेथे संग्रहालय करण्यास स्थानिक परिषदेने, राहण्याची जागा कमी होते या कारणास्तव, परवानगी नाकारली. अखेर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली.